दोन लाल ज्योती

दोन्ही गोळ्या पांढऱ्या, आणि आम्लात दोन्ही सारख्याच फसफसल्या. वहिनीचा चेहरा उतरला.

"म्हणजे कळणारच नाही का, वन्सं?"

"कळेल. धीर धर."

नणंद कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सुटीमुळे प्रयोगशाळा ओस पडली होती. तिकडे घरी दादानं पुन्हा अंथरूण धरलं होतं. बोलणं नाही, जेवण नाही. इतकी वर्षं मनाच्या दुखण्यावरच्या लिथियमच्या गोळीनं त्याला उभं ठेवलं होतं. वहिनी अजूनही रोज समोर उभी राहून गोळी गिळवायची, तरी डॉक्टरांना रक्तात औषधाचा मागमूस सापडला नाही.

म्हणजे बाटलीतल्या गोळ्याच कुणीतरी बदलल्या होत्या. घरात तशा दुसऱ्या गोळ्या फक्त आईच्या, हाडांसाठीच्या, कॅल्शियमच्या. म्हणून वहिनी दोन्ही बाटल्यांतली एकेक घेऊन आली होती.

नणंदेनं तार बुडवून ज्योतीत धरली. एक ज्योत जरा किरमिजी वाटली, दुसरी जरा विटकरी.

"दोन्ही लालच की," वहिनी म्हणाली.

"म्हणून तर डोळ्यांवर भिस्त नको. लिथियम अल्क धातूंतलं, कॅल्शियम अल्कधर्मी मृदा धातूंतलं. घराला घर लागून, पण स्वभाव निराळे. पातळ द्रावणात धुण्याचा सोडा घातला की कॅल्शियम लगेच पांढरं होऊन तळाशी बसतं. लिथियम पाणी गढूळसुद्धा करत नाही."

"तुमच्या माहेरासारखं. वरून काही दिसायला नको." वहिनी उगाच हसली.

दादाच्या गोळीच्या नळीत सोडा पडला आणि पाणी दुधासारखं झालं. कॅल्शियम. गोळीनं डोकं जड होतं म्हणून त्याची कायमची कुरकुर होतीच. त्यानंच बदलल्या असणार. नणंदेला संताप आला.

मग आईची नळी. पाणी नितळच राहिलं.

म्हणजे लिथियम आईच्या पोटात जात होतं. आईची किडनी आधीच नाजूक, तिला हे औषध म्हणजे विषच. हल्ली तिचे हात थरथरायचे आणि सगळे वयाला बोल लावायचे.

घरी दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आईचा जीव घ्यायचाय का तुला?" नणंद म्हणाली.

तो सावकाश वळला. "मी बाटलीला हातही लावत नाही. गोळी ही देते, मी गिळतो."

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं.

"तिच्यावर नको जाऊस," आई दारातून म्हणाली. "मी बदलल्या."

"आई, अगं का?"

आई दादाच्या पायाशी येऊन बसली. त्याच्या पांघरुणावरून हात फिरवत राहिली.

"तुझे बाबा होते तोवर त्यांनी मला सांभाळून घेतलं, कुणाला कळू दिलं नाही. ते गेल्यावर मला एकटीला झेपेना. वाटलं, हा आता सावरलाय, गोळीवाचून राहील." ती थांबली. "ह्याला हे दुखणं कुणाकडून आलं, ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत."