पाचवा हँगर

"पिशवी बाहेरच राहू दे, ताई."

धाकटीने दाराच्या चौकटीला हात लावून वाट अडवली. हे वाक्य तिने आठवडाभर इस्त्री फिरवता फिरवता पाठ केलं होतं. म्हणताना आवाज थोडा चिरकला, पण हात हलला नाही.

"पिशवीचं मग बघू. मला तरी आत घेशील?" तीन जिने चढून आलेली ताई धापा टाकत म्हणाली. उत्तराची वाट न बघता ती धाकटीच्या हाताखालून वाकून आत शिरली आणि तिच्याबरोबर पिशवीही शिरली. ताईला दारात अडवणं आजवर कुणालाच जमलेलं नव्हतं.

दर हिवाळ्यात ही पिशवी यायची. ताईचे जुने कपडे. ताईचं जुनं ते धाकटीचं नवं, हा लहानपणापासून घरचा कायदाच होता. आठ वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा घर सोडून गेला, तेव्हा ताईने एकदाच दुकानातून नवाकोरा स्वेटर आणला होता. धाकटीने तो तिच्याच अंगावर भिरकावला. "तुझं जुनं असेल तर आण, ते माझ्या हक्काचं आहे. विकत आणून उपकार करू नकोस माझ्यावर!" ताई निमूट परत गेली. त्यानंतर नवं काही आलं नाही, पिशवी मात्र चुकली नाही. "मला होत नाही आता, तू घाल," एवढंच ताई म्हणायची.

पिशवीत काय, तर भडक फुलं नाहीतर हळदीसारखा पिवळा रंग. धाकटी ते अंगावर चढवायची आणि मनात चरफडायची. ताईचं कपाट फुटायला आलं असणार, आणि आपण चाळिशीतही तिने अंगावरून उतरवलेलं घालतोय.

मग ती लाँड्रीत कामाला लागली. इस्त्रीच्या टेबलावर तिला कपडे कळायला लागले. चकचकीत शर्ट चार धुण्यांत मान टाकायचे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट मात्र बारा वर्षांचा होता आणि कॉलर अजून ताठ. धाकटीने तो उलटा करून पाहिला. आतली शिवणसुद्धा बाहेरच्याइतकीच नेटकी होती. त्याच दिवशी तिने ठरवून टाकलं. थोडंच घ्यायचं, पण उलटंपालटं करून, पारखून घ्यायचं. आणि स्वतःच्या आवडीचं.

तीन वर्षांत चार कपडे झाले. दोन शर्ट, एक पँट, एक स्वेटर. सेल लागले, मैत्रिणी पिशव्या भरभरून आल्या, ही बया जागची हलली नाही. ताईच्या गेल्या दोन पिशव्या तर तिने न उघडताच लाँड्रीतल्या बायकांना वाटून टाकल्या. कपाटात आता पाचवा हँगर रिकामा होता. तो कोटासाठी. वर्षभर ती कोट शोधत होती आणि एकही तिच्या परीक्षेत पास झाला नव्हता.

ताईने कपाट उघडून आत डोकावलं. "चारच? अगं चिमणे, कपड्यांपेक्षा डांबरगोळ्या जास्त आहेत की!"

"चार आहेत, पण माझे आहेत," धाकटी म्हणाली. "तुझे वापरलेले कपडे मी यापुढे घालणार नाही. राग मानू नकोस. का नाही, ते तुला दाखवतेच."

तिने पिशवीत हात घातला आणि हाताला लागलं ते बाहेर ओढलं. शेवाळी रंगाचा, जाड सुती कापडाचा कोट निघाला. त्याला ताईच्या घरच्या साबणाचा वास येत होता.

"हे बघ. वापरलेला कोट आधी कॉलरला झिजतो." तिने कॉलर उलटली. कॉलर झिजलेली नव्हती. "मग बाह्यांच्या कडांना." कडा कोऱ्या होत्या. "आणि काखेत तर..." अस्तराचा रंग जराही उडालेला नव्हता. धाकटीचा आवाज बारीक होत गेला. तिने खिशात बोटं घालून पाहिली, ती आत जाईनात. खिशाचं तोंड शिवलेलं होतं. नवा कोट दुकानातून येतो तेव्हा त्याचे खिसे असे कच्च्या टाक्यांनी बंद केलेले असतात. घालणारा ते पहिल्याच दिवशी उसवतो.

तिने कोट अंगात घातला. ताई खांद्यांनी रुंद आणि हातांनी आखूड. हा कोट धाकटीच्या काटकुळ्या खांद्यांवर बरोब्बर बसला आणि बाह्या तिच्या मनगटापर्यंत पोचल्या.

धाकटीने ताईकडे पाहिलं. इस्त्रीच्या टेबलावर आलेला कपडा निरखावा, तसं पाहिलं. ताईच्या अंगात तपकिरी कोट होता, धाकटीच्या लग्नात घातला होता तोच. दोन्ही कोपरांना रफू केलेलं होतं. झिजलेल्या बाह्या आत दुमडून पुन्हा शिवलेल्या होत्या, आणि ती शिवणही एका बाजूने सुटली होती.

न उघडता वाटून टाकलेल्या दोन पिशव्या धाकटीला आठवल्या. ती पिवळी, फुलाफुलांची आठ वर्षं आठवली. तिला रडू आवरेना.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "हा कोट तू एकदाही घातलेला नाहीस."

ताईने चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली. बाहीची सुटलेली कड बोटाने आत सारत ती पुटपुटली,

"पण दोनदा धुतला होता गं मी."