मयताची हनुवटी

चितारणीने एक डोळा मिटला, हात लांब करून कोळशाची कांडी समोर धरली आणि पलंगावर मरून पडलेल्या सरदारांचं माप घेतलं. नाक बरोबर आलं. कपाळ बरोबर आलं. छाती मात्र काही केल्या जमेना. मघाशी छातीवरच्या शालीची कड पलंगाच्या मागच्या दांडीखाली होती, आता ती दांडीच्या वर दिसत होती. तिने पावाचा तुकडा मळून रेघ पुसली आणि पुन्हा काढली.

तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, हेही खरं. सरदारांना विष घातलं म्हणून ज्याला खाली अंगणात खांबाला बांधून ठेवलं होतं, तो हवेलीचा आचारी तिचा नवरा होता. कोतवालाने दुपारीच फाशी ठरवली होती. पुरावा काय, तर उशाशी सापडलेला दुधाचा पेला. दूध कडूजहर होतं आणि ते आचाऱ्याने नेऊन दिलं होतं. त्याला विचारलं तर तो तोंडाला कुलूप लावून बसला होता.

त्याने खून केला यावर चितारणीचा काडीचा विश्वास नव्हता. ज्या माणसाला साधं झुरळ मारायला बायकोला हाक मारावी लागते, तो सरदार काय मारणार? त्याच्या हातचं खाऊन कोणी मेलंच, तर पोट फुटून मरेल. म्हणून तिने कोतवालाला गळ घातली की सरदारांचं अखेरचं चित्र काढते, तेवढा वेळ मला खोलीत बसू द्या. बसल्या जागी खरा खुनी हुडकायचा, असा तिचा बेत होता.

हुडकायला फार लांब जायची गरज दिसत नव्हती. सरदारांचा पुतण्या काकांची तलवार कमरेला लावून आरशासमोर उभा होता.

"लांब पडते जरा," तो कोतवालाला म्हणाला. "काका काही उंच नव्हते. पण मिरवायची हौस दांडगी."

कोतवाल समजूतदारपणे हसला. चितारणीने मनातल्या मनात पुतण्याला फासावर चढवलं आणि पुन्हा डोळा मिटून माप घेतलं. शालीची कड परत दांडीखाली गेली होती.

ती थबकली. इतकी वर्षं ती सरदारांची चित्रं काढत आली होती. बाकी कशात चुकेल, मापात ती चुकत नसे. ती चुकत नव्हती, तर मग मयत हलत होतं.

तिच्या पोटातून हसू असं वर उसळलं, की तिने पाव तोंडात कोंबला. ओरडून सांगावं तर कोण ऐकणार? आचाऱ्याची बायको नवऱ्यासाठी काहीही बोलेल, असंच कोतवाल म्हणाला असता. पुतण्या मयताच्या जवळ कोणाला जाऊ देत नव्हता. त्याच्या घाईपायी वैद्यानेही उंबऱ्यावरूनच मान हलवली होती. काय करायचं ते आता तिच्या धंद्यातूनच करायला हवं होतं. सरदार जन्मात कोणाचं ऐकणारा माणूस नव्हता. पण चित्रासाठी बसला की तिच्या शब्दाबाहेर जात नसे, कारण हनुवटीखालच्या वळ्यांची त्याला भारी धास्ती. तिने चित्राची लाकडी घोडी उजेडाकडे सरकवली आणि रोजच्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाली,

"साहेब, हनुवटी जरा वर."

मयताची हनुवटी वर गेली.

"एवढी पुरे?" मयताने विचारलं.

पुतण्या तलवारीत पाय अडकून आडवा झाला. कोतवाल दारापर्यंत पळाला, आपण कोतवाल आहोत हे आठवून परत आला. सरदार ओशाळून उठून बसले. आपल्या मागे लोक काय बोलतात ते त्यांना एकदा जिवंतपणी ऐकायचं होतं. पुतण्याकडे बघत ते म्हणाले, "ऐकलं. कान भरून ऐकलं."

"मग उठला का नाहीत?" चितारणीने विचारलं.

"कोणी तरी रडेल, मग उठू, असं म्हणत होतो. कोणी रडेचना. न रडवता उठायचं तरी कोणत्या तोंडाने?"

तिला त्यांची दया आली, आणि संतापही आला. "आणि तिकडे खाली माझा नवरा फासावर जातोय, त्याचं काय?"

सरदारांचा चेहरा आता खरोखर मेल्यासारखा झाला. "तो? तो कशाला? अगं, दुधात कडू पाल्याचा रस त्याने माझ्या सांगण्यावरून घातला. त्याला सगळं ठाऊक आहे. बोलला नाही तो?"

चितारीण जिन्यावरून धावत सुटली. अंगणात दोर टांगून तयार होता. खांबाला बांधलेला आचारी, दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावं, ते शिपायाला समजावून सांगत होता.

"अहो, सरदार जिवंत आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"शब्द दिला होता," आचारी म्हणाला. "म्हटलं, वेळ आली की उठतील आपणहून. उगाच त्यांच्या मरणात आपण विघ्न कशाला आणा?"

तिला एकाच वेळी रडू आणि हसू फुटलं. तिने त्याची गाठ सोडली, त्याचे वळ उठलेले हात आपल्या काळ्या हातांत घट्ट धरले. तोवर कोतवाल धापा टाकत खाली आला आणि दोर उतरवून ठेवायला त्याने शिपायाला सांगितलं.

"राहू द्या दोर, कोतवालसाहेब," नवऱ्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "खून अजून व्हायचाय."