तेवढ्याच गाठी

"डॉक्टर, गळा कापल्यावर एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणता येईल का?" संघातल्या पोरींनी पैजच लावली होती, म्हणून केतकीनं बेधडक विचारलं.

डॉक्टरबाई हसल्या. "आवाज थोडे दिवस बसेल, मग बहुतेक येईल. थायरॉइडसोबत मानेतल्या मधल्या गाठी काढायच्या, कॅन्सर तिथवरच पोचलाय. बाजूच्या गाठी सोनोग्राफीत स्वच्छ दिसतायत."

"त्याही काढून टाका," बाबा म्हणाले. "मागं घोर नको."

"गरज वाटली तर नंतरही काढता येतील. खांदा उचलणारी नस तिथूनच जाते. ती दुखावली, तर हात वर न्यायला त्रास होतो."

केतकीनं खांदा चाचपला. याच हातानं ती चढाईत गडी टिपायची. आजार कळल्यापासून मैदानाची माती पायाला लागली नव्हती. संध्याकाळी सरांची शिट्टी ऐकू आली, की घरबसल्या तळपाय शिवशिवायचे.

आईनं तिचा हात घट्ट धरला. "खेळाचं काय घेऊन बसलीस? तू हवीस गं आम्हाला."

"मलाही मी हवीच आहे, आई," केतकी म्हणाली. "पण अख्खी. मधल्याच गाठी काढायच्या, बाबा. बाजूच्यांवर नजर ठेवायला मी प्रत्येक तपासणीला येईन, त्या दिवशी फायनल असली तरी."