पत्रात न लिहिलेलं

भोपाळची पॅसेंजर उज्जैनला वीस मिनिटं थांबायची. त्या वीस मिनिटांसाठी माधव सकाळी नऊपासून फलाटावर उभा होता. कडेवर सव्वा वर्षाची लेक जयू आणि भोवती अक्काची तीन मुलं. अक्का त्याची थोरली बहीण. शाळांना सुट्ट्या लागल्या तशी दरवर्षीप्रमाणे तिने देवासहून मुलं धाडून दिली. यंदा घरात मामी नाही, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा मोटार सुटून गेली होती.

मामी, म्हणजे मंगला, दीड महिना भोपाळात होती. नवं राज्य झालं आणि तिच्या शाळेत हुकूम आला: ट्रेनिंग नसलेल्या बाईंनी सुट्टीत ट्रेनिंग करावं, नाहीतर नोकरी सोडावी. माधवही मास्तरच, त्याला सुट्टी होती. तो जा म्हणाला, ती गेली. आज तिच्या वर्गाला शिबिरासाठी रतलामला नेत होते.

"लक्षात आहे ना रे सगळ्यांच्या?" माधवने विचारलं.

"मामा, किती वेळा तेच!" अलका म्हणाली. ती अकरा वर्षांची होती. जयूला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, सगळं तिच्याकडे. "जयू अजून चालत नाही. आज पहिल्यांदा चालेल. मामीसमोर."

जयू पंधरा दिवसांपासून चालत होती. अंगणात मुलांचा दंगा चालला असताना भिंत सोडून ती त्यांच्यामागे चार पावलं गेली. माधव शेगडीपाशी पोळ्या भाजत होता. तव्यावरची पोळी करपून धूर झाला तरी तो दारातच उभा. मंगलाला मात्र त्याने लिहिलं, 'जयू धरून उभी राहते.' पुढच्या पत्रातही तेच लिहिलं.

गाडी लागली. बायकांच्या डब्यातून मंगला उतरली. वाळली होती. तिने दोन्ही हात पुढे केले, तशी जयूने माधवच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"ओळखलं नाही मला," मंगला म्हणाली.

"गर्दीला बुजली असेल. थांब, तुला एक गंमत दाखवतो."

त्याने जयूला मंगलापासून दोन हातांवर उभं केलं आणि हळूच सोडलं. मंगला फरशीवरच बसली. जयूने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग ती वळली आणि ट्रंका, वळकट्या चुकवत, लुटुलुटु, थेट अलकाकडे गेली.

"पहिल्यांदाच चालली," अलका तिला उचलत घाईघाईने म्हणाली.

"हमने कुछ नहीं बताया, मामी," धाकटा सुहास म्हणाला.

मंगला उठली. अलकाच्या कडेवरच्या जयूचं झबलं तिने जरा वर केलं. गुडघ्यावरची खपली सुकून सुटत आली होती.

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले," माधव म्हणाला. "म्हटलं, पहिलं पाऊल तुझ्यासमोर..."

"आणखी काय काय लिहिलं नाहीत?"

तो सांगू लागला. वरचे दोन दात आले. कुत्र्याला भू म्हणते. केळं स्वतःच्या हाताने खाते. मंगला मान हलवत ऐकत होती, वर्गात धडा ऐकावा तशी.

"रात्री उठते?"

माधवने अलकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पहिले आठ दिवस उठायची. आता नाही उठत."

"बरं झालं," मंगला म्हणाली.

आता रात्री मी उठतो, असं त्याला सांगायचं होतं. तिन्ही मुलं तोंडाकडे बघत होती. त्याने तिच्या हातात पोह्यांचा डबा दिला.

शिट्टी झाली. चढण्याआधी मंगलाने जयूचं पाऊल क्षणभर मुठीत धरलं. जयूने ते सोडवून घेतलं नाही. मग खिडकीतून मंगला म्हणाली, "खाली सोडा तिला. चालताना बघू दे मला."

गाडी हलली. रुळांपासून दूर, भिंतीच्या कडेने, जयू चालू लागली. गाडी जायची त्याच दिशेला. माधव वाकून मागे, न शिवता दोन्ही हात पसरून. एकदा ती पडली, हातांवर रेटा देऊन उठली, पुन्हा निघाली. मंगलाची खिडकी पुढे गेली. गजांतून बाहेर आलेला तिचा हात तसाच होता, हलत नव्हता. मागून एकेक डबा गेला, शेवटी गार्डाचा.

"मामा, गाडी गेली," सुहास म्हणाला.

"घेऊ का तिला?" अलकाने विचारलं.

"नको," माधव म्हणाला.

फलाट जिथे उतरता होतो, तिथपर्यंत त्याने तिला चालू दिलं.