पाजायच्या आधी

पाजायची वेळ झाली की सहा महिन्यांचा वायट शेल्बीच्या छातीशी झेपावायचा, तोंड लावायचा आणि लगेच रडत मान फिरवायचा. आपलं दूध बिघडलं, की पोराला आपणच नकोशा झालो, शेल्बीला काही उमगेना.

“दात येताहेत, दुसरं काय,” सासू लोरेन म्हणाली. “म्हणून तर पाजायच्या आधी हिरड्यांना मलम चोळूनच तुझ्याकडे देते. टेनेसीतली सगळी पोरं त्याच मलमावर वाढलीत. माझ्याकडे बघ कसा गप असतो.”

ते शेल्बीला फारच लागलं. वायटच्या लाळेने थबथबलेल्या तोंडाचे तिने मुकेच मुके घेतले, मग डोळे पुसून कॉफीचा कप तोंडाला लावला.

घोट हनुवटीवरून ओघळला. शेल्बीने ओठ चाचपला. त्या मलमाने तिचाही बधिर झाला होता.