बारीक जेट

गाडी घाटात अडली, तर फायदा एकट्या दिगूमिस्त्रींचा होता. परदेशातला लेक कित्येक वर्षांनी शेजारच्या सीटवर सापडला होता, आणि बंद गाडीतून पळून तरी कुठं जाणार?

मनालीहून लेहला जाताना केलाँगच्या वर जुनी फियाट काळा धूर ओकत धापा टाकू लागली.

"म्हातारीला शोकेसमध्ये ठेवा म्हटलं होतं, बाबा," शेखर वैतागला.

दुखणं मिस्त्रींना ठाऊक होतं. विरळ हवेत पेट्रोल जास्त होत होतं. कार्बोरेटरला बारीक जेट, म्हणजे पेट्रोल कमी सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, घातला की झालं, आणि तो खिशातच होता. पण नुसतं म्हणायचं होतं, "पार्ट मनालीहून येईल, दोन दिवस थांबू." तोंड उघडलंही. तेवढ्यात इंजिन पुन्हा खोकलं, आणि जन्म गॅरेजात गेलेल्या माणसाला ते ऐकवेना. जेट बसला, टायमिंग जुळलं, गाडी तंबोऱ्यासारखी लागली.

"मानलं, बाबा!" शेखर खुलला. "आता गाडीची काळजी नाही. मग मी लेहला पोचताच विमान पकडतो. परत तुम्ही या निवांत."

"पकड की," मिस्त्री म्हणाले.

इंजिनाची अब्रू राहिली, लेकाची सुट्टी वाचली. किंमत तेवढी मिस्त्रींच्याच हातांनी मिस्त्रींकडून वसूल केली.