सगुणाबाईंचा डबा

“काका, पानी खतम!”

वरच्या मजल्यावरून भाडेकऱ्याची आरोळी आली आणि सगुणाबाईंना आनंद मावेना. टाकी रिकामी झाली म्हणून इतकं हरखलेलं माणूस माण गावात आजवर कुणी पाहिलं नसेल. पण त्या रविवारी टाकी मुद्दामच रिकामी होऊ दिली होती. जिन्याखाली भिंतीला एक प्लास्टिकचा जेवणाचा डबा लावला होता, त्यात टाकी रिकामी झाली की मोटार आपोआप चालू आणि भरली की बंद करणारा, पत्त्याच्या पानाएवढा एक हिरवा सर्किट बोर्ड होता, आणि त्याच्या बारीक तारा सगुणाबाईंनी अठ्ठावन्नाव्या वर्षी, चष्मा कपाळावर-नाकावर करत, स्वतः जोडल्या होत्या. मोटारीची जाड वायर तेवढी वायरमनची. बाकी सगळं बाईंचं!

शिकवणारी गौतमी. बुद्धवाड्यातली पोर, डिप्लोमा झालेली, आयटी पार्कात नोकरीला. दर रविवारी शाळेच्या खोलीत गावातल्या बायकांना ती हे शिकवायची. आज विद्यार्थिनीची परीक्षा बघायला ती जिन्याजवळ हाताची घडी घालून उभी होती.

बाईंचे यजमान गेणबा ओट्यावर चहा घेऊन बसले होते. आरोळी ऐकली तसा त्यांनी कप खाली ठेवला. तेरा वर्षं हेच चाललं होतं. सकाळचा चहा हातात आला की पाणी जायचं. मग काठी घेऊन लोखंडी शिडीने वर चढायचं, टाकीवर ठोकून आवाज ऐकायचा, मोटार लावायची, भरेपर्यंत तिथंच थांबायचं. खाली येईपर्यंत चहा गार. दिवाळीत तिसऱ्या पायरीवरून घसरले. गुडघ्याला अजून पट्टा होता. पौडच्या डॉक्टरांनी शिडी बंद म्हणून सांगितलं होतं, पण ऐकतो कोण!

“तुजा डबा चालला तर शिडी भंगारात,” काल ते म्हणाले होते. “न्हाई चालला, तर पुन्यांदा मला आडवायचं न्हाई.”

बाईंनी डब्याचं बटण दाबलं.

लाल दिवा लागला. मोटार ढिम्म.

“अगं बाई!” त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. लाल म्हणजे टाकी भरली, हिरवा म्हणजे रिकामी. वहीत त्यांनीच लिहून ठेवलं होतं.

“झालं समाधान?” गेणबांनी काठी उचलली. “पोरं तितं अंगाला साबण लावून हुबी हायेत.”

“आवं, जरा दम धरा की!”

“तू बस तुज्या डब्याला गोंजारत.” त्यांनी शिडीला हात घातला.

बाईंनी गौतमीचा दंड धरला. “पोरी, बघ की गं काय झालंय! ह्यो मानूस चढतोय.”

गौतमी जागची हलली नाही. “काकू, डबा काय म्हणतोय?”

“भरली म्हनतोय. खोटं बोलतोय मेला.”

“बोर्ड खोटं बोलतो?”

गेणबा पहिल्या पायरीवर.

बाईंनी चष्मा नाकावर ओढला. “न्हाई. त्याला जे लागतंय तेच त्यो सांगतो.”

“मग टाकी भरल्याचं त्याला कशानं कळतं?”

“टाकीतल्या वरच्या दोन तारांमधी पानी आलं की.” आणि मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “टाकीत पानी न्हाई. म्हंजी पानी दुसरीकडंच कुटंतरी लागलंय. तारा टाकीतनं हितवर येत्यात...”

गेणबा दुसऱ्या पायरीवर. पट्टा बांधलेला पाय त्यांनी ओढत वर घेतला.

बाईंनी डब्यात डोकं घातलं. तारा खाली येऊन दोन चकचकीत स्क्रूंना आवळल्या होत्या. स्क्रू शेजारीशेजारी, डोळ्यांसारखे. आणि दोन्ही स्क्रूंवर मिळून ओलं, लालभडक कुंकवाचं बोट!

“आता गं बया! ह्या वल्या कुंकवालाच त्यो टाकीतलं पानी समजतोय!”

कुणी लावलं, हे विचारायची गरजच नव्हती. ट्रॅक्टर आला, फ्रीज आला, धाकट्याची स्कूटर आली, हळदकुंकवाशिवाय त्या घरात कुठली वस्तू चालू झाली होती? पहाटे आंघोळ करून बाईंनीच कुंकू पाण्यात कालवून मनोभावे लावलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

हात पुढं गेला होता, तो त्यांनी मागं घेतला. आधी बटण बंद, हा वहीतला पहिला नियम. बटण बंद केलं. पदराच्या टोकानं स्क्रू खसाखसा पुसले, फुंकर मारली, पुन्हा पुसले. गेणबांचा पाय तिसऱ्या पायरीकडे उचलला गेला.

बटण.

टक्!

हिरवा दिवा लागला. मोटार घुरघुरली आणि भिंतीतल्या पाइपातून पाणी खळाळत वर निघालं.

“चालली! गौतमे, चालली गं! मलाच सापडलं!” बाईंनी पोरीला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला.

“मला मघाशीच दिसलं होतं, काकू,” गौतमी हसत म्हणाली.

“आन् बोलली न्हाईस?”

“मग तुम्हाला कसं सापडलं असतं?”

थोड्या वेळानं वरून आरडाओरडा झाला. “काका, आ गया! पानी आ गया!”

गेणबा शिडीवर तसेच उभे होते. वर बघितलं, खाली बघितलं. मग एकेक पायरी उतरले आणि काठी भिंतीला टेकवून ओट्यावर बसले. बाईंनी चिमूटभर कोरडं कुंकू डब्याच्या झाकणाला बाहेरून लावलं, घरात जाऊन चहा पुन्हा उकळला आणि कप त्यांच्या हातात दिला.

वर पाणी पडत होतं. गेणबांनी सवयीनं घाईघाईत मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून कप तोंडापासून लांब धरला.

“सगुणे,” ते म्हणाले, “सकाळचा चा एवढा गरम आसतो व्हय गं?”